क्रूझवर काय घालायचं? साध्या कपड्यांत वावरणाऱ्यांसाठी बॅग भरण्याची पद्धत, पायरी-पायरीने

क्रूझचं बुकिंग झालं की घरात पहिला विषय कपड्यांचा निघतो, आणि चुकांना तिथूनच सुरुवात होते. एका संध्याकाळसाठी सूट शिवायला टाकला जातो, लांब गाऊन विकत आणला जातो, आणि पोहण्याचा पोशाख, शाल, पकड असलेले बूट मात्र घरीच राहतात. मग चार दिवस मोकळं फिरायला गेलेला माणूस अवघडून बसतो. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच कुटुंबांच्या बॅगा मी बसून भरून दिल्या आहेत. चुका त्याच त्याच असतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

हा लेख रोज जीन्स-टी-शर्ट, कुर्ता-लेगिंग, कॉटनचा पंजाबी ड्रेस किंवा साधी साडी घालणाऱ्यांसाठी आहे. नमुना म्हणून मुंबईहून निघून गोवा, लक्षद्वीप किंवा कोची करून परत येणारी ४-५ रात्रींची सफर धरली आहे. सिंगापूरहून निघणाऱ्यांसाठी आणि अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर अलास्काची सफर करणाऱ्या आई-बाबांसाठी वेगळ्या सूचना पायरी ७ मध्ये आहेत.

पायऱ्या याच क्रमाने करा. बहुतेक लोक आधी खरेदी करतात आणि नियम नंतर वाचतात. त्यामुळेच पैसे वाया जातात.

## पायरी १: जहाजाचा पोशाखाचा नियम वाचा (निघण्याआधी महिनाभर)

तिकिटासोबत आलेल्या माहितीत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर 'ड्रेस कोड' असा भाग असतो. तो पूर्ण वाचा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली म्हणजे, रात्री मुख्य जेवणाच्या हॉलमध्ये काय चालत नाही. बहुतेक जहाजांवर तिथे पोहण्याचे कपडे, बनियन किंवा बिनबाह्यांचे गंजीवजा टी-शर्ट, आंघोळीनंतरचे झगे आणि अनवाणी पाय चालत नाहीत. हाफ पँटबद्दल प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. म्हणून पुरुषांसाठी एकच सोपा उपाय सांगते: रात्री पूर्ण पँट घाला, प्रश्नच मिटतो.

दुसरी म्हणजे, ठेवणीतल्या पोशाखाची रात्र आहे का आणि किती. ७ रात्रींच्या सफरीत अशा साधारण १ ते २ रात्री असतात, छोट्या सफरीत एखादी असते किंवा नसतेच. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल रात्र ठेवलेलीच नाही. कार्निव्हलवर तिला 'क्रूझ एलिगंट' म्हणतात, आणि नाव भारदस्त असलं तरी नीटनेटका शर्ट-पँट तिथे पुरतो. कुनार्डसारख्या जुन्या वळणाच्या कंपनीत मात्र संध्याकाळी ६ नंतरचे नियम गंभीरपणे पाळले जातात. साध्या कपड्यांत रमणाऱ्याने जहाज निवडतानाच हे बघावं. तिकीट काढून झाल्यावर कळलं तर उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, 'थीम नाइट'. कधी सगळ्यांनी पांढरं घालायचं असतं, कधी बॉलीवूडची रात्र असते. यात भाग घेणं ऐच्छिक असतं. घरात पांढरा कुर्ता असेल तर घ्या, नसेल तर त्यासाठी विकत आणू नका.

सावधान: ओळखीच्या कुणीतरी 'आम्ही गेलो होतो तेव्हा काहीही चालत होतं' असं सांगितलं म्हणून नियम वाचायचा टाळू नका. त्यांचं जहाज वेगळं असू शकतं.

तपासा: रात्रीचा नियम, ठेवणीतल्या रात्रींची संख्या आणि जहाज कोणत्या बंदरांना लागणार, या तीन गोष्टी एका कागदावर लिहिल्यात का? तो कागद पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे.

## पायरी २: दिवस मोजू नका, ठिकाणं मोजा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आपल्याला गावाला जाताना 'पाच दिवस म्हणजे पाच ड्रेस' अशी मोजायची सवय असते. क्रूझवर हा हिशेब चुकतो. इथे एकाच दिवसात तुम्ही चार वेगवेगळ्या हवामानांतून जाता.

पहिलं ठिकाण उघडा डेक. जहाज साधारण १५ ते २० नॉटने चालतं, म्हणजे ताशी अंदाजे २८ ते ३७ किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी जहाजाच्या वेगामुळेच डेकवर स्कूटरवर बसल्यासारखा वारा लागतो. त्यात ओढणी उडते, घेरदार स्कर्ट सावरत बसावं लागतं, टोपी समुद्रात जाते. डेकसाठी कपडे अंगाबरोबरचे हवेत, टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. घेरदार काही घालायचंच असेल तर आत लेगिंग घाला.

दुसरं, आतला भाग. जेवणाचा हॉल, नाटकाचं सभागृह, कॅसिनो, लांबच लांब कॉरिडॉर, सगळीकडे एसी जोरात असतो. बाहेरून घामेजून आत आलात की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. कार्यक्रम तास-दीड तासाचा असतो. थंडी सहन होत नाही म्हणून मधूनच उठून गेलेले किती आजी-आजोबा मी पाहिले आहेत! प्रत्येकी एक शाल किंवा पातळ स्वेटर हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा जिन्नस आहे.

तिसरं, पाणी: पूल, घसरगुंड्या, किनारा. चौथं, बंदरावर उतरून फिरणं. तिथे ऊन, चालणं आणि देवळं-चर्च असतात.

आता प्रत्येक ठिकाणी किती वेळ जाणार ते बघा. ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत डेक, पूल आणि बुफे एवढंच असतं. तिथे तुमचे रोजचेच कपडे लागतात. नीट कपडे लागतात ते रात्रीच्या दोन-तीन तासांपुरते. आणि ते कपडे दोन-तीन तासच अंगावर असल्यामुळे मळत नाहीत, पुन्हा घालता येतात.

## पायरी ३: आकडा ठरवा

५ रात्रींसाठी एका माणसाला एवढं पुरतं.

पुरुष: दिवसा घालायला ४ टी-शर्ट आणि २ बर्मुडा किंवा थ्री-फोर्थ. रात्रीसाठी २ पूर्ण पँट, त्यातली एक गडद रंगाची, आणि ३ कॉलरवाले शर्ट. गडद निळी किंवा काळी जीन्स असेल, फाटकी-विटकी नसेल, तर बहुतेक जहाजांवर साध्या रात्री ती चालून जाते. पण जीन्स एकच घ्या. वजन आणि वाळायला लागणारा वेळ, दोन्ही बाबतीत ती महाग पडते.

स्त्रिया: दिवसासाठी ३ कुर्ते किंवा टॉप, २ लेगिंग किंवा सैल पँट. रात्रीसाठी २ जरा बरे कुर्ते किंवा ड्रेस, आणि एक ओढणी जी दोन्हींवर जाईल. साडी नेसणार असाल तर ती पायरी ६ मध्ये येते.

अंतर्वस्त्रं मात्र दिवसाला एक आणि वर दोन जास्त. यात कंजुषी नको. पोहून आल्यावर बदलावीच लागतात.

रंग असे निवडा की कोणताही वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्यावर जाईल. चार वर आणि दोन खाली म्हणजे आठ जोड्या झाल्या. फोटोत रोज तोच ड्रेस दिसेल या भीतीने बॅगा फुगतात. ही चिंता असेल तर दोन वेगळ्या रंगांच्या ओढण्या घ्या, त्यांना वजन नसतं.

कापड निवडताना एकच कसोटी लावा. कपडा मुठीत घट्ट धरून अर्धा मिनिट दाबा आणि सोडा. चुरगळलेलाच राहिला तर घरी ठेवा. कारण जहाजावर इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीने इस्त्री आणि कपड्यांवर वाफ मारायचं यंत्र सामान तपासताना काढून घेतात, प्रवास संपल्यावर परत देतात. कडक इस्त्रीचा सुती कुर्ता आणि खादीचा शर्ट इथे तुमची साथ देणार नाहीत. जर्सी, क्रेप, जॉर्जेट, सुती-पॉलिस्टर मिश्र कापड चांगलं.

सावधान: घरचा गाऊन, म्हणजे आपल्याकडच्या बायका सकाळी घालतात तो मॅक्सी, केबिनच्या दाराबाहेर नको. सकाळी चहा आणायला गाऊनवर ओढणी टाकून बुफेत जाणं आपल्याला घरगुती वाटतं, पण जहाजावर ते झोपायचे कपडे समजले जातात. पुरुषांच्या बनियन-बर्मुड्याचंही तेच. रात्री झोपायला सैल टी-शर्ट आणि पायजमा घ्या, म्हणजे सकाळी तसंच कॉरिडॉरमध्ये जाता येतं.

## पायरी ४: पायांत काय

कपड्यांपेक्षा पादत्राणांच्या चुका जास्त भोवतात, कारण कपडा चुकला तर अवघडल्यासारखं होतं, चप्पल चुकली तर माणूस पडतो. डेक पुलाच्या पाण्याने आणि समुद्राच्या दमटपणाने ओला असतो, जहाज हलकंसं डोलत असतं आणि केबिनच्या बाथरूमला अनेकदा उंच उंबरठा असतो.

तीन जोड पुरतात.

1. बंद, चालायचे बूट. बंदरावर फिरायला आणि सुरुवातीच्या सुरक्षा-सरावालाही हेच.
2. मागे पट्टा असलेले, भिजले तरी चालणारे रबरी तळाचे सँडल. पूल, किनारा आणि छोट्या होडीत चढण्या-उतरण्यासाठी. अंगठ्याची रबरी स्लिपर होडीत निसटते, तिच्यावर विसंबू नका.
3. रात्रीसाठी एक बऱ्यापैकी जोड. सपाट किंवा रुंद, बुटक्या टाचेची.

कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर देखणी दिसते, आणि रात्रीच्या जेवणाला ती जरूर घाला. पण चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या डेकवर घसरतो, खाऱ्या पाण्याने चामडं खराबही होतं. डेकवर जायच्या आधी ती बदला. पेन्सिल हीलबद्दल एवढंच सांगते: डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटीत टाच अडकते.

तपासा: बूट नवे आहेत का? मग निघण्याआधी दोन आठवडे रोज अर्धा तास घालून चाला. नवा बूट पहिल्यांदा बंदरावर घातला तर दुसऱ्या दिवशी पायाला पट्ट्या लावून बसावं लागतं.

## पायरी ५: पोहण्याचे कपडे

'आम्ही काही पाण्यात उतरणार नाही' असं म्हणणारे दुसऱ्या दिवशी काठावर पाय सोडून बसतात आणि मग त्यांना उतरायचं असतं. प्रत्येकाने पोहण्याचा पोशाख घ्या. त्याला जागा किती लागते?

सुती टी-शर्ट, सलवार किंवा साधी हाफ पँट घालून पुलात उतरू देत नाहीत. सुती कपड्याचे धागे आणि रंग पाण्यात उतरतात, गाळणीत अडकतात. नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख लागतो. अंगप्रदर्शन नको वाटणाऱ्या बायकांसाठी लांब बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत पायांचा पोशाख मिळतो. गडद रंगाचा घ्या आणि विकत आणल्यावर एकदा गावातल्या पोहण्याच्या तलावात घालून बघा. ओला झाल्यावर तो कुठे ओढला जातो, कुठे सैल पडतो, हे कोरड्या ट्रायल रूममध्ये कळत नाही. माझ्या मावशीने साठाव्या वर्षी असा पोशाख पहिल्यांदा घातला. पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं पाण्यात होती, तिसऱ्या दिवशी तिला जेवायला बोलवायला कुणाला तरी पाठवावं लागलं.

शक्य असेल तर दोन जोड घ्या. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये ओला पोशाख रात्रभरात वाळेलच असं नाही, आणि सकाळी गार, ओलसर कपडा अंगावर चढवणं नको होतं. पुलावरून बुफेत जाताना वरून घालायला एक सैल, पटकन वाळणारा सदरा किंवा कफ्तान ठेवा. ओल्या पोशाखात खुर्चीत बसून जेवू नये, आणि एसीत थंडीही वाजते.

सावधान: लंगोट लागणाऱ्या बाळांना अनेक जहाजांवर मुख्य पुलात नेता येत नाही, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. बाळासाठी वेगळी पाण्याची जागा आहे का, हे आधी विचारा.

## पायरी ६: ठेवणीतल्या कपड्यांची रात्र

इथेच सगळ्यात जास्त पैसा जातो, आणि जायचं कारण नसतं. आपल्या कपाटात लग्नाकार्यांचे कपडे आधीच आहेत. कोट, टाय आणि गाऊन हाच एकमेव मार्ग नाही. आपला चांगला पोशाख आंतरराष्ट्रीय जहाजांवरही औपचारिक म्हणून मानला जातो. पुरुषांनी कुर्ता-पायजमा आणि वर बंद गळ्याचं जाकीट घातलं की काम झालं. तेही नको असेल तर गडद पँट, साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट.

साडी उत्तम. पण निवडताना पैठणी बाजूला ठेवा. ती घडी मोडली की जहाजावर पुन्हा नीट करता येत नाही, डेकवरच्या खाऱ्या वाऱ्यात जर काळवंडायची भीती असते, आणि जेवताना डाग पडला तर मन लागत नाही. जॉर्जेट, क्रेप किंवा मऊ सिल्क-मिश्र साडी चुरगळत नाही. पदर खांद्याला आणि निऱ्या कमरेला, दोन्हीकडे पिन लावा. ब्लाउज आणि परकर साडीच्या घडीतच ठेवा. परकर घरी राहिल्याच्या गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता बॅग भरताना तो सगळ्यात आधी मागते.

दागिने खोटे चालतील. खरे नेले तर केबिनमधल्या तिजोरीत ठेवा, अंगावर घालून पुलाकडे जाऊ नका.

आणि अजिबात नटायचं नसेल तर? तेही चालतं. त्या रात्री बहुतेक जहाजांवर बुफे किंवा दुसरं साधं उपाहारगृह सुरू असतं, तिथे रोजच्या कपड्यांत जेवता येतं. कंपनीचा नियम पायरी १ मध्ये बघितलाच असेल. ती रात्र चुकली म्हणून सफर वाया जात नाही, आणि मनाविरुद्ध कोट घालून घामेजण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

ही रात्र साधारणपणे पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी ठेवत नाहीत, कारण पहिल्या दिवशी बॅगा यायच्या असतात आणि शेवटच्या दिवशी भरून द्यायच्या असतात. म्हणजे हे कपडे बॅगेत तळाशी गेले तरी चालतात.

## पायरी ७: बंदरावर उतरताना

गोवा. जहाज मुरगावला लागतं. बहुतेक मराठी कुटुंबं किनाऱ्याबरोबर मंगेशी आणि शांतादुर्गेचं दर्शन किंवा जुन्या गोव्यातली चर्चेस जोडतात. किनाऱ्यावरची हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टॉप घालून देवळात किंवा बॉम जेझूस बासिलिकेत जायला गेलात तर दारातच अडवणूक होऊ शकते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालूनच जहाजातून उतरा. देऊळ आधी, किनारा नंतर असा क्रम ठेवा आणि किनाऱ्याचे कपडे पिशवीत घ्या. उलट केलं तर ओल्या, वाळू लागलेल्या कपड्यांत देवळाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

लक्षद्वीप. इथे पाणी उथळ आहे, भोवती प्रवाळ आहेत, म्हणून मोठं जहाज लांब थांबतं आणि छोट्या होडीने बेटावर नेतात. होडीत लाइफ जाकीट घालावं लागतं. त्याखाली मोठी कॉलर, जाड ओढणी, खांद्यावरची पर्स, सगळं टोचतं. पोहण्याचा पोशाख आतून घालून, वर सैल टी-शर्ट आणि पँट, पायात पट्ट्याचे सँडल, असे जा. प्रवाळ धारदार असतात, अनवाणी पाण्यात जाऊ नका. वस्तीची बेटं मुस्लिम समाजाची आहेत आणि तिथे साधा, अंग झाकणारा पोशाख अपेक्षित असतो, बिकिनी घालून गावातून फिरता येत नाही. पाण्यातून बाहेर आलं की वर काहीतरी घाला.

साडीत होडीत चढणाऱ्या आजींबद्दल. पंजाबी ड्रेस घालायची तयारी असेल तर उत्तमच. नसेल तर जबरदस्ती करू नका. सहावारी घोट्यापेक्षा दोन-तीन बोटं वर नेसवा, निऱ्यांना पिन लावा, पदर खोचून घ्या. नऊवारी नेसणाऱ्या आजींना उलट सोपं जातं, काष्ट्यामुळे पाय मोकळे पडतात. दोन्ही हात रिकामे हवेत, म्हणजे खलाशांना हात धरून चढवता येतं. आजींची पिशवी दुसऱ्याने घ्यायची.

कोची. केरळमधल्या अनेक देवळांत पुरुषांना शर्ट काढून आणि मुंडू नेसून आत जावं लागतं, पँट चालत नाही. दर्शन घ्यायचं असेल तर एक पांढरं धोतर किंवा मुंडू जवळ ठेवा.

सिंगापूरहून निघणारी जहाजं. बारा महिने उष्ण, दमट हवा. पाऊस कधीही. पातळ, पटकन वाळणारे कपडे आणि तीच शाल, कारण मॉल आणि जहाज दोन्ही थंडगार. मलेशिया-थायलंडच्या मशिदी, देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारा एक जोड पुरतो.

अलास्का. इथे नियम पूर्ण बदलतात. अमेरिकेतल्या मुलांनी 'उन्हाळ्यात जायचंय' म्हटलं की आई-बाबा उन्हाळ्याचे कपडे भरतात. जुलैमध्येही जूनो या तिथल्या बंदरात दिवसाचं तापमान साधारण १७-१८ अंशांवर जातं, आणि हिमनदी बघायला तासन् तास डेकवर उभं राहावं लागतं तेव्हा त्याहून बरीच जास्त थंडी असते. केचिकन या दुसऱ्या बंदरात तर मुंबईपेक्षाही जास्त पाऊस पडतो, आणि तो वर्षभर वाटून पडतो. एका जाड कोटाऐवजी तीन थर घाला: अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर फ्लीसचं जाकीट, त्यावर पाणी न झिरपणारं टोपीचं जाकीट. ऊन आलं की वरचा थर काढता येतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. जीन्स भिजली की दिवसभर भिजलेलीच राहते. कानटोपी, हातमोजे आणि दोन जोड लोकरीचे पायमोजे घ्याच. यातलं बरंचसं तिथल्या मुलांच्या कपाटातून उसनं मिळतं, भारतातून वजन वाहून नेऊ नका. रात्री या सफरींत वातावरण एकूण साधंच असतं.

सावधान: कॅरिबियन सफर असेल तर लष्करी छापाचे हिरवे-खाकी कपडे घरी ठेवा. बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलांच्या टोप्या आणि पिशव्यासुद्धा तपासा.

## पायरी ८: दोन बॅगा, दोन कामं

टर्मिनलवर मोठी बॅग तुमच्याकडून घेतात आणि ती केबिनच्या दाराशी कित्येक तासांनी, कधी संध्याकाळी येते. तुम्ही मात्र दुपारीच जहाजावर असता आणि पूल सुरू असतो. आमच्या पहिल्या सफरीत माझी मुलगी त्या दुपारी जीन्समध्ये पुलाच्या काठावर बसून राहिली, कारण तिचा पोशाख मोठ्या बॅगेत होता. तिचं ते तोंड मी विसरलेली नाही.

म्हणून हातातल्या बॅगेत हे असलंच पाहिजे:

- पोहण्याचा पोशाख आणि सँडल
- शाल किंवा स्वेटर
- रात्रीच्या जेवणाचा एक जोड, बॅग उशिरा आली तरी अडायला नको
- औषधं, चष्मा, कागदपत्रं, चार्जर, दागिने
- लहान मुलांचे दोन जास्तीचे जोड. बोट लागली तर कपडे लगेच बदलावे लागतात

बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी पहिल्या दिवशी कमरेला घट्ट काही घालू नये. नाडीची किंवा इलॅस्टिकची सैल पँट बरी.

मोठी बॅग भरताना कपडे गुंडाळून ठेवा, घड्या घालू नका. शेवटच्या दिवशी लागणारा जोड वेगळ्या पिशवीत, बॅगेच्या एका कोपऱ्यात. आतली केबिन साधारण १५० चौरस फुटांच्या आसपास असते आणि त्यात चौघं असतील तर कपाटात प्रत्येकी चार हँगरही येत नाहीत. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार-सहा हुक नेले तर टोप्या, ओढण्या, ओले टॉवेल लटकवायला जागा होते. या एका छोट्या खरेदीची मी सगळ्यांना आठवण करते.

तपासा: भरलेली बॅग एकट्याने उचलून जिना चढा. नाही जमलं तर दोन जोड बाहेर काढा. तेच दोन जोड जहाजावर न घालता परत येणार होते.

## पायरी ९: जहाजावर धुणं-वाळवणं

कपडे धुवून देण्याची सोय असते, पण नगावर पैसे लागतात आणि ते जास्त असतात. टी-शर्ट आणि अंतर्वस्त्रं स्वतः धुतलेली बरी. साबणाच्या पावडरच्या दोन-तीन पुड्या न्या.

पद्धत अशी. बेसिनमध्ये धुवा, पिळा, मग कोरडा टॉवेल अंथरून त्यावर कपडा ठेवा. टॉवेलची वळकटी करा आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्या. टॉवेल पाणी शोषून घेतो. मग बाथरूममधल्या ओढून लावायच्या दोरीवर वाळत घाला. पॉलिस्टरचा टी-शर्ट सकाळपर्यंत वाळतो. सुती कपड्याला दोन रात्रीही लागतात.

चुरगळलेला कुर्ता गरम पाण्याची आंघोळ करताना बाथरूममध्ये टांगून ठेवा आणि नंतर हाताने खाली ओढून सरळ करा. वाफेने बऱ्याच सुरकुत्या जातात.

सावधान: बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नका. वाऱ्याने ते उडून जातात, आणि सुरक्षेच्या कारणासाठी जहाजावर त्याला मनाईही असते.

## पायरी १०: शेवटची रात्र

अनेक जहाजांवर शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. रात्रीतून त्या गोळा होतात आणि थेट टर्मिनलवर मिळतात. इथे उत्साहाने सगळं भरून टाकणारे सकाळी पंचाईतीत पडतात. आमच्या सोबतच्या एका काकांनी पँट, बूट, सगळं बॅगेत घालून बॅग बाहेर ठेवली. सकाळी त्यांच्याजवळ फक्त रात्रीचा पायजमा आणि केबिनमधली कापडी सपाता उरली. मुलाने त्याची जास्तीची पँट दिली, ती घोट्याच्या वर येत होती. वय सत्तरीचं, आणि आजूबाजूला तीनशे माणसं रांगेत. त्यांना किती संकोच वाटला असेल!

म्हणून क्रम असा ठेवा. संध्याकाळी जेवायला जाण्याआधी पायरी ८ मध्ये वेगळा ठेवलेला शेवटच्या दिवसाचा जोड बाहेर काढा: पँट, वरचा कपडा, अंतर्वस्त्रं, पायमोजे आणि बूट. तो बिछान्यावर मांडा. घरातल्या प्रत्येकाचा जोड मांडून झाला की मगच मोठी बॅग बंद करा. जेवून आल्यावर अंगावरचे कपडे आणि रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत जातील, तेवढी जागा तिच्यात ठेवा. ओले पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून.

बॅग दाराबाहेर ठेवण्याआधी बाथरूमची दोरी, दारामागचे हुक आणि तिजोरी बघा. चुंबकाचे हुक हमखास भिंतीलाच राहतात.